रोह्याच्या वकिलाचा मुलगा आणि पाकिस्तानची नोट

१९४८ च्या उन्हाळ्यात लाहोरच्या बाजारात कुणी दहाची नोट मोडायला काढली, तर तिच्यावर तीन पाहुणे एकत्र नांदताना दिसत. एक, इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. दोन, 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा इंग्रजी आणि 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असा उर्दू छाप. आणि तिसरी, सी. डी. देशमुख यांची सही. मुक्काम पोस्ट मूळचे रोहा, जिल्हा कुलाबा.

भानगड अशी की देश दोन झाले तरी रिझर्व्ह बँक काही काळ एकच होती. पाकिस्तानकडे तेव्हा ना स्वतःची मध्यवर्ती बँक, ना नोटा छापायचा कारखाना. मग नाशिकच्या छापखान्यात भारताच्याच नोटांवर पाकिस्तानचं नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांचं चलन सांभाळलं ते आपल्याच रिझर्व्ह बँकेने. १ जुलैला कराचीत जीनांनी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचं उद्घाटन केलं आणि आपली सुटका झाली. सही मात्र तिकडच्या लोकांच्या खिशात राहिली ती राहिलीच.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख या नावापुढे शाळेच्या पुस्तकात 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर' एवढंच लिहिलेलं असतं. परीक्षेत एका मार्काला तेवढं पुरतं. पण या माणसाच्या कुंडलीत वकिली चहूबाजूंनी होती, याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख नावाजलेले वकील, बायको वकील, मतदारसंघ कोर्टकज्जांसाठी प्रसिद्ध कोकणातला. ते स्वतः मात्र काळा कोट चढवून कधी कुणाच्या वतीने कोर्टात उभे राहिले नाहीत. एकदाच उभे राहिले, तेही कोर्टात नव्हे तर लोकसभेत. ती गोष्ट पुढे येईलच.

दोन तालुके, तीन मॅगसेसे

पेण म्हटलं की गणपती आणि पापड. रोहा म्हटलं की कुंडलिका नदी, अवचितगड आणि दसऱ्यानंतर पालखीत निघणारे धावीर महाराज, ज्यांना पोलीस बंदुका घेऊन रीतसर सलामी देतात. या दोन शेजारी तालुक्यांच्या खात्यावर आणखी एक गोष्ट जमा आहे. आशियाचं नोबेल म्हणतात तो मॅगसेसे पुरस्कार इथल्या तीन माणसांना मिळाला.

पुरस्कार सुरू झाला १९५८ साली, आणि समाजनेतृत्वासाठीचा पहिलाच मॅगसेसे गेला विनोबा भावे यांना. त्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, शासकीय सेवेसाठीचा पुरस्कार चिंतामणरावांना. १९९६ मध्ये स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म रोहा, सन १९२०. मोठमोठ्या राजधान्यांना हा हिशेब जमलेला नाही.

त्यातही विनोबा आणि चिंतामणराव यांची जोडी बघण्यासारखी आहे. विनोबा जन्मले ११ सप्टेंबर १८९५ ला, चिंतामणराव १४ जानेवारी १८९६ ला, ऐन संक्रांतीच्या सुमारास, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी. अंतर चार महिन्यांचं, जिल्हा एक. एकाने शाळेची प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघालेला असताना वाटेतच गाडी बदलली. दुसरा प्रत्येक परीक्षेत पहिला येत राहिला. दोघांनाही शेवटी मनिलाहून बोलावणं आलं. पालकांनी यातून काय तो बोध घ्यावा, आम्ही मध्ये पडत नाही.

पहिला नंबर आला, कविता झाली

१९१२ ची मॅट्रिक. मुंबई विद्यापीठात पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. आज पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो क्लासवाल्यांच्या फलकावर लागतो. त्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलावर थेट राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिली. सोळा वर्षांच्या पोराला 'गोविंदाग्रजां'ची कविता बक्षीस! यानंतर तो बिघडला नाही, हेच विशेष.

तिथून एल्फिन्स्टन कॉलेज आणि १९१५ मध्ये केंब्रिजचं जीझस कॉलेज. विषय मात्र ऐका: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. संस्कृतचा पहिला विद्यार्थी पानंफुलं तपासत बसला आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक घेऊन मोकळा झाला. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा दिली, तिथेही पहिला. बागकामाचा नाद मात्र जन्मभर सुटला नाही.

वकिलीपासून पळालेला हा माणूस कायद्यापासून पळू शकला नाही. आय.सी.एस.च्या उमेदवारीत भारतीय दंडसंहिता आणि पुराव्याचा कायदा घोकावाच लागे. नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. कलेक्टरकी म्हणजे तिकडे डेप्युटी कमिशनर, मग सेटलमेंट ऑफिसर, मग नागपूरला अर्थखात्याचे सचिव. १९३१ मध्ये रजेवर लंडनला गेले, तर तिथे दुसरी गोलमेज परिषद भरलेली. गांधीजी ज्या परिषदेला गेले तीच ही. रजेवरच्या माणसाला सचिवालयात कामाला जुंपलं गेलं. सरकारी नोकराची रजा ही कशी असते, हे तेव्हाही तसंच होतं.

आधीच्या पिढीचं कौन्सिल

चिंतामणराव जन्मले तेव्हा कोकणी वकिलाने कायदेमंडळात बसणं ही नवी गोष्ट राहिली नव्हती. तो रस्ता आधी तुडवला होता दापोलीजवळच्या मुरूडच्या रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी. जन्म १८३३. हायकोर्टातले मातब्बर वकील, १८६४ साली 'नेटिव्ह ओपिनियन' हे पत्र काढणारे, 'व्यवहारमयूख' आणि याज्ञवल्क्यस्मृती इंग्रजीत आणणारे. १८७४ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात आणि १८८४ मध्ये थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. घरात ग्रंथसंग्रह एवढा की तो पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात एक स्वतंत्र विभाग होऊन बसला.

माणूस भारी, पण त्या काळच्या कौन्सिलाची गंमत बघा. निवडणूक नावाला नाही, सगळे सरकारने नेमलेले. सभासदाला सरकारला प्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर चर्चा करायचा हक्कही नव्हता. हे दोन्ही हक्क आले १८९२ च्या कायद्याने, मंडलिक १८८९ मध्ये वारल्यावर. म्हणजे ज्या कोकणी वकिलाला अर्धं हायकोर्ट पाठ होतं, त्याला कौन्सिलात 'हा खर्च कशाला?' एवढं विचारायची सोय नव्हती. साठेक वर्षांनी त्याच कोकणातल्या एका वकिलाचा मुलगा साऱ्या देशाचं अंदाजपत्रक स्वतः मांडत होता, १९५१ पासून १९५६ पर्यंत दर वर्षी.

मंडलिकांविषयी एक गोष्ट सांगितली नाही तर हे चित्र फारच गोड होईल. विधवाविवाह आणि विवाहवयाच्या कायद्यांच्या बाबतीत रावसाहेब सुधारकांच्या विरुद्ध बाजूला होते. शास्त्रं ज्यांनी इंग्रजीत नेली, त्यांनीच शास्त्राला हात लावू दिला नाही. हुशारी आणि पुरोगामीपणा यांची गल्लत आपण आजही करतोच.

हॉटेलात भरलेली जगाची तिजोरी

जुलै १९४४. युद्ध संपलेलं नाही, पण युद्धानंतर जगाचा पैशाचा कारभार कसा चालायचा हे ठरवायला ४४ देशांची माणसं अमेरिकेत न्यू हँपशरमधल्या ब्रेटन वूड्स नावाच्या ठिकाणी एका हॉटेलात जमली. त्यात ब्रिटिशांचा अर्थतज्ज्ञ केन्स होता आणि भारताच्या तुकडीत चिंतामणराव. भारत पारतंत्र्यात, तुकडीचा प्रमुख जेरेमी रेझमन हा इंग्रज, तरी षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि देशमुख यांनी तिथे गप्प बसायचं काम केलं नाही. युद्धाच्या काळात ब्रिटनने आपल्याकडून माल उचलला आणि पैसे लंडनच्या खात्यात 'जमा' दाखवले होते. ते पौंड परत कधी आणि कसे मिळणार, हा त्यांचा सवाल. ब्रिटनला तो अर्थातच आवडला नाही.

तिथेच ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताचा वाटा ठरला ४० कोटी डॉलर. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन, फ्रान्स यांच्यानंतर सहावा. पुढे रशिया आत आलाच नाही आणि आपण आपोआप पहिल्या पाचांत. शेजारी भांडून लग्नाला आला नाही की त्याचं ताट आपल्याला मिळतं, तसं. १९५० साली नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची संयुक्त वार्षिक सभा पॅरिसला भरली, तिचे अध्यक्ष होते देशमुख.

सहीचे काही किस्से

रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बॉर्न स्मिथ. त्यांची सही एकाही नोटेवर नाही. बँकेने नोटा काढायच्या आतच ते पायउतार झाले. दुसरे जेम्स टेलर, ते फेब्रुवारी १९४३ मध्ये पदावर असतानाच वारले. ११ ऑगस्ट १९४३ ला तिसरे गव्हर्नर झाले चिंतामणराव, आणि रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर प्रथमच भारतीय माणसाची सही उमटली. तीही इंग्रज राजाच्या चेहऱ्याखाली, इंग्रज राज्य चालू असताना. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना 'सर' केलं.

नोटबंदी २०१६ मध्ये पहिल्यांदा झाली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: १२ जानेवारी १९४६ ला ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा एका फटक्यात रद्द झाल्या होत्या. गव्हर्नर होते देशमुखच. साठेबाजांचा काळा पैसा अडकेल अशी सरकारची आशा होती. झालं काय, तर बहुतेक नोटा बदलून गेल्या. इतिहास आपल्याकडे वाचण्यापेक्षा पुन्हा करून बघण्याची चाल जुनीच आहे.

१ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तेव्हाही खुर्चीत तेच. त्याआधी ती चक्क भागधारकांची बँक होती.

पेरलं त्यांनी, उगवलं नंतर

अर्थमंत्री झाले १९५० मध्ये. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे घरच्याच जिल्ह्यातून, लोकसभेवर. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. अंदाजपत्रकाचे कागद हिंदीतही छापायला सुरुवात झाली तीही १९५५ मध्येच.

रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पै हा आजीआजोबांचा हिशेब मोडून शंभर पैशांचा रुपया करणारा कायदा १९५५ चा. नवे पैसे प्रत्यक्ष हातात पडले १ एप्रिल १९५७ ला, तोवर देशमुख मंत्रिपद सोडून गेले होते. भाजीवालीशी 'नया पैसा'वरून झालेली भांडणं निस्तरायची वेळ दुसऱ्यांवर आली.

विम्याचं तर आणखी नाट्यमय. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री आकाशवाणीवर बोलले आणि देशाला कळलं की आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकारच्या ताब्यात गेला. देशी, परदेशी आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था. एवढी गुप्तता पाळली होती की कंपन्यांना कपाटं आवरायला वेळ मिळाला नाही. आयुर्विमा महामंडळ सुरू झालं १ सप्टेंबर १९५६ ला. तोवर हेही राजीनामा देऊन बाहेर.

वकिलीणबाईंचं तिकीट

१९२३ साली आंध्रातल्या काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. शेजारच्या खादी प्रदर्शनाच्या दारावर चौदा वर्षांची एक स्वयंसेविका उभी. एक देखणा पाहुणा आत जाऊ लागला. तिने तिकीट मागितलं. तिकीट नव्हतं. तिने अडवलं. आयोजक धावत आले, अगं हे जवाहरलाल नेहरू! ती म्हणे, असतील, तिकीट? शेवटी तिकीट काढलं तेव्हा पंडितजी आत गेले.

ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई. पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, मग शिक्षण, मद्रासला वकिली, आणि मग संविधान सभा. त्या सभेत बायका अवघ्या १५, आणि अध्यक्षांच्या पॅनेलवर त्यातल्या एकट्या दुर्गाबाई. चिंतामणरावांच्या पहिल्या पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या होत्या. २२ जानेवारी १९५३ ला चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदारांत सही करायला कोण? तेच, तिकीट काढून आत गेलेले पाहुणे. या वेळी ते पंतप्रधान होते.

१९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाला तो नवराबायकोला एकाच वर्षी. कुणाचं पदक भिंतीवर वर लावायचं, हा प्रश्न घरात निघाला असेल तर तो दुर्गाबाईंनीच जिंकला असणार, असा आमचा अंदाज. संविधान सभा गाजवलेल्या बाईशी कोण वाद घालतो?

एकच केस, पण काय केस!

आता ती लोकसभेतली गोष्ट. जानेवारी १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेचा जो तोडगा जाहीर झाला त्यात मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसं मेली. दिल्लीत अर्थमंत्र्याच्या खुर्चीत कुलाब्याचा खासदार बसलेला. त्याने त्याच महिन्यात राजीनामा पुढे केला, पण तोडगा निघेल या आशेवर तो बाजूला राहिला. गंमत म्हणजे विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्याच महिन्यातलं. एका हाताने एवढं मोठं काम आणि दुसऱ्या हातात राजीनाम्याचा कागद, असा तो जानेवारी.

जूनमध्ये नेहरू मुंबईत आले आणि काँग्रेसच्या बैठकीच्या निमित्ताने त्यांनी जाहीरच करून टाकलं की मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील. मग मात्र चिंतामणराव थांबले नाहीत. जुलैमध्ये राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ ला लोकसभेत निवेदन केलं.

त्या निवेदनात मराठी बाण्याच्या आरोळ्या नाहीत. शिवाजी महाराजांच्या गडाखाली जन्मलेल्या माणसाला ते सहज जमलं असतं, टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी धरलं ते वेगळंच टोक. हा निर्णय कुणी घेतला? मंत्रिमंडळासमोर आला का? आला नसेल तर पंतप्रधानांना तो जाहीर करायचा अधिकार कुठून आला? ही वागणूक घटनेला धरून नाही. आणि गोळीबाराची चौकशी का नाही? मुन्सफाच्या कोर्टात मुरलेला वकील आधी दाव्याच्या गुणदोषांकडे जात नाही. तो विचारतो, नोटीस रीतसर बजावली का, सही कुणाची, हुकूम कुणी काढला. रोह्याच्या वकिलाच्या मुलाने स्वतःच्या पंतप्रधानाची नेमकी तशी उलटतपासणी केली. नेहरूंनी आरोप मान्य केला नाही. पण सरकारच्या प्रमुखाला सरकारच्याच एका मंत्र्याने कामकाजाच्या पद्धतीवरून भर सभागृहात जाब विचारावा, असं आपल्याकडे फार वेळा घडलेलं नाही.

माझ्या मते चिंतामणरावांचं हे काम नोटांवरच्या सहीपेक्षा मोठं आहे. सही गव्हर्नर झालेल्या बहुतेकांना करावीच लागते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. द्वैभाषिक मुंबई राज्य आलं, आंदोलन चिघळलं, १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा काँग्रेसच्या हातून निसटून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. कुलाबा जिल्ह्याचं रायगड व्हायला मात्र १९८१ उजाडावं लागलं. तेव्हा मुख्यमंत्री होते याच जिल्ह्यातले बॅरिस्टर अंतुले. बघा, पुन्हा वकीलच.

राष्ट्रपतिपदाचा तिसरा माणूस

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सगळे बोलतात ते गिरी विरुद्ध संजीव रेड्डी, इंदिराबाई आणि 'विवेकबुद्धीचा कौल' याबद्दल. रिंगणात तिसरे वजनदार उमेदवार होते चिंतामणराव, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. त्यांना मतमूल्य मिळालं १,१२,७६९. तिसरा क्रमांक. पण पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याच्या वर मजल मारता आली नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, आणि मग गिरी निवडून आले. राष्ट्रपती दुसऱ्या पसंतीवर ठरला असा आजवरचा तो एकच प्रसंग. हरलेल्या माणसाच्या मतपत्रिका उलटून बघितल्याशिवाय देशाला राष्ट्रपती मिळाला नाही.

रिटायरमेंट नावाची गोष्ट

राजीनाम्यानंतर माणूस घरी बसेल तर शपथ. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, नॅशनल बुक ट्रस्टचे पहिले अध्यक्ष, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात पुढाकार. मधल्या वेळात संस्कृत. कालिदासाचं 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणलं ते युद्धाच्या धामधुमीत, गव्हर्नर असताना. गांधीजींची शंभर वचनं संस्कृत श्लोकांत बांधली. स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह १९६९ मध्ये काढला, म्हणजे ज्या वर्षी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली त्याच वर्षी. ऐंशी उलटल्यावर अमरकोशावर टिपणं लिहीत बसले. १९७४ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, तर दुर्गाबाईंनी पुढे 'चिंतामण अँड आय' लिहून आपली बाजूही नोंदवून ठेवली. वकील तो वकीलच.

दुर्गाबाई मे १९८१ मध्ये गेल्या, चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला, हैदराबादेत.

नावांची वाटणी कशी झाली तेही सांगून टाकतो. दिल्लीच्या मेट्रोत गुलाबी मार्गावर दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं स्टेशन आहे. ठाण्यात महापालिकेची स्पर्धा परीक्षांची प्रशिक्षण संस्था चिंतामणरावांच्या नावाने चालते, तिथली पोरं अजून पहिल्या नंबराच्या मागे आहेत. आणि खुद्द रोह्यात डॉ. सी. डी. देशमुख कॉमर्स कॉलेज आहे. केंब्रिजात बॉटनीचं बक्षीस मारणाऱ्या माणसाचं नाव कॉमर्सला कसं, अशी तक्रार घेऊन सायन्सवाले अजून तरी कोर्टात गेलेले नाहीत.